एक लिहिली की अर्धी घेते

मुलीशी वाद जिंकण्यासाठी कॉम्प्युटर विकत घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे लोक मुलांचं शिक्षण, धंद्याची वाढ, काळाची गरज अशी भारदस्त कारणं सांगत. नव्वदीच्या मध्यावर पेणमध्ये माझा कॉम्प्युटर क्लास होता. ही कारणं मी रोज ऐकत असे आणि फी हातात पडेपर्यंत त्यांच्यावर विश्वासही ठेवत असे.

डॉक्टरांचा दवाखाना माझ्या शेजारच्या गाळ्यात होता. तीन वर्षांत आमचं बोलणं पाण्याच्या टाकीपलीकडे गेलं नव्हतं. एका गुरुवारी ते माझ्या दारात उभे राहिले, फळ्यावर मी लिहिलेल्या कॉम्प्युटरच्या आज्ञा वाचल्या आणि म्हणाले, "मास्तर, हे यंत्र माणसाची चूक पकडतं का?"

मी म्हटलं, शिकवलं तर पकडतं.

"मग त्याला माझ्या चुका शिकवायच्या आहेत," ते म्हणाले. "पण आधी वजन करा."

त्यांच्या दवाखान्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला काट्यावर उभं राहावं लागे. पोस्टमन, वीजबिल वाटणारा, पेशंटला सोबत म्हणून आलेला मेहुणा, कुणालाही सूट नव्हती. वजन माहीत नसलेल्या माणसाशी डॉक्टर सहसा बोलत नसत. माझं त्या दिवशी बावन्न किलो भरलं. त्यांनी ते वहीत लिहिलं, आणि मग मला मुलीची गोष्ट सांगितली.

ते कोकणातल्या ज्यू घराण्यातले. घर रोह्याजवळ वरशाला, दवाखाना पेणला, आणि मधला प्रवास रोज पॅसेंजर गाडीने. शनिवारी दवाखाना बंद आणि रविवारी उघडा असे. कंपनीत शिफ्ट करणाऱ्यांना हे इतकं सोयीचं पडे, की डॉक्टरांनी हा धर्म पेशंटसाठीच धरला असावा असं काहींना वाटायचं. एकेक करून त्यांचे सगळे नातेवाईक इस्रायलला गेले होते. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. रोह्यात आता मोजणी सहाव्यावर थांबे. बायको वारली होती. एकुलती मुलगी तिकडे एका इस्पितळाच्या औषधविभागात नोकरीला होती आणि दर रविवारी फोनवर एकच सांगत होती, बाबा, आता या.

बाबा म्हणत, माझे पेशंट इथे आहेत. मुलगी म्हणे, तुमच्या वयाच्या डॉक्टरांच्या हातून चुका होतात, रोज आमच्याकडे कागद येतात. बाबा म्हणाले, बरं, माझ्या हातून चूक झाली की येतो. त्यावर मुलीने विचारलं, पण तुम्हाला कळणार कसं? पेशंट काही सांगत नाहीत. बरे झाले तर परत येत नाहीत, आणि बरे नाही झाले तरी परत येत नाहीत.

हा प्रश्न डॉक्टरांना आवडला होता आणि झोंबलाही होता. त्यांनी अट ठरवली. औषध ते स्वतः लिहितील. ते चुकत असतील तर यंत्राने त्यांना थांबवायचं. यंत्राने थांबवलं, त्यांनी ऐकलं नाही, आणि शेवटी यंत्रच बरोबर निघालं असं एकदा जरी घडलं, तरी दवाखाना बंद आणि विमानाचं तिकीट. मुलीला तसा शब्द दिला होता.

मला वाटलं, थट्टा करतायत. पण थट्टा ते बहुधा शनिवारसाठी राखून ठेवत, आणि शनिवारी ते कुणाला भेटत नसत.

यंत्राला शिकवायचं ते ज्ञान बुटांच्या तीन खोक्यांत होतं. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी गुळगुळीत रंगीत कार्डं घेऊन येत. डॉक्टर त्यांना काट्यावर चढवत आणि एकच प्रश्न विचारत, "हे कुणाला देऊ नये?" पाठ करून आलेल्या पोरांना हा प्रश्न कधीच पाठ नसे. औषध कुणाला द्यावं यावर ते वीस मिनिटं बोलू शकत; कुणाला देऊ नये म्हटलं की टायची गाठ सैल करत. जो शोधून आणून सांगे त्याला चहा मिळे. उत्तर त्याच कार्डाच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहिलं जाई. अशी तीस वर्षांची कार्डं होती. तीस वर्षांत त्या प्रश्नाने किती मुलांची बढती लांबवली असेल कोण जाणे.

ती कार्डं मी चार महिने कॉम्प्युटरमध्ये भरली. वाचून दाखवायचं काम हिराबाईंचं. हिराबाई त्यांच्या कंपाउंडर; खाडीकाठच्या गावातल्या, पन्नाशीच्या, दवाखान्यात बावीस वर्षं काढलेल्या. त्यांना औषधांची नावं यायची, पण त्यांचा भरवसा रंगावर होता. "ही गुलाबी. ही पोटात दुखताय त्याला नाय द्यायची," असं त्या सांगत आणि मी लिहीत असे. पुढे पडताळून पाहिलं तेव्हा चुका निघाल्या त्या माझ्या होत्या. हिराबाईंची एकही नव्हती.

पहिल्यांदा प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा मी फार खूश होतो. डॉक्टरांनी खोकल्याचं साधं औषध लिहिलं, यंत्र किंचाळलं. तापाची गोळी लिहिली, पुन्हा किंचाळलं. मी प्रत्येक कार्डावरची प्रत्येक सूचना इमानदारीने भरली होती, आणि जगात असं एकही औषध नाही की जे कुणालाच कधीच बाधत नाही. दुपारपर्यंत डॉक्टर न वाचताच एंटरची कळ दाबायला लागले होते. त्यांनी हात मागे घेतला.

"मास्तर, हा शहाणा नाही, घाबरट आहे," ते म्हणाले. "सारखं कुरकुरणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. आणि ज्या दिवशी तो खरं सांगेल त्या दिवशीही मी कळच दाबेन."

म्हणून पुन्हा दोन महिने बसलो. शेवटी ठरलं ते असं. बारीकसारीक गोष्टींना यंत्राने गप्प बसायचं. थोडी शंका असेल तर कोपऱ्यात एक ओळ दाखवायची. पण धोका मोठा असेल तर काम थांबवायचं आणि डॉक्टर कारण लिहीपर्यंत चिठ्ठी छापायचीच नाही. त्या कॉम्प्युटरवर देवनागरी नव्हती, म्हणून डॉक्टर मराठी कारणं इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने टिपत.

पहिली चिठ्ठी सुरळीत छापली गेली त्या दिवशी ते घरून स्टीलच्या डब्यात मलिदा घेऊन आले. गोडे पोहे, ओलं खोबरं, साखर, वर केळ्याचे काप. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "आधी खा. काम पार पडलं की आमच्यात करतात." हिराबाईंनी पहिला घास यंत्रापुढे ठेवला. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, मग तो घास उचलून स्वतः खाल्ला.

यंत्राबद्दल लोकांच्या मनात एवढा आदर होता, की डॉक्टरांना तो सहन होत नसे. बायका पडद्याला हात जोडत. एका गृहस्थाने चपला बाहेर काढल्या, ज्या तो डॉक्टरांसाठी कधी काढत नव्हता. छापील चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जाई. पूर्वीच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीची पुडी बांधत असत. "मी तीस वर्षं लिहीत होतो ती काय वाणसामानाची यादी होती?" असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी त्यांचं अक्षर पाहिलेलं होतं, म्हणून उत्तर दिलं नाही.

तालुक्यातल्या डॉक्टरांच्या मंडळाला याचा सुगावा लागला तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी प्रात्यक्षिक ठेवलं. रविवारची संध्याकाळ, पेणमधला एक हॉल, हारतुरे. अध्यक्षांनी कॉम्प्युटरपुढे नारळ फोडला आणि पाणी की-बोर्डवर उडालं. प्रात्यक्षिकाआधी वीस मिनिटं मी कळा पुसत होतो आणि अध्यक्ष येत्या शतकावर बोलत होते. ते शतक त्यांना व्यक्तिशः भेटून गेलं असावं असा त्यांचा सूर होता. नंतर डॉक्टर उठले. पेशंट म्हणून कुणी पुढे याल का, असं त्यांनी विचारलं. अध्यक्ष स्वतःच आले. त्यांनाही काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्याने वाचला. रक्तदाबाची कोणती गोळी, आणखी काय घेता? अध्यक्षांना सर्दी होती, ते कसलीशी कॅप्सूल घेत होते.

यंत्र थांबलं. रक्तदाब असताना ही कॅप्सूल का, कारण लिहा, असं पडद्यावर आलं. अध्यक्ष हसले, कळ दाबली. यंत्र हललं नाही. पुन्हा दाबली. मग ते हळू आवाजात डॉक्टरांना म्हणाले, "काय लिहू?"

"खरं असेल ते."

अध्यक्ष उभेच. मागच्या खुर्चीवरून हिराबाई शांतपणे म्हणाल्या, "सँपल आलं होतं म्हनून, असं लिवा."

हॉल हसला. हसणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी सर्दीला तीच कॅप्सूल घेतलेली असणार. मंडळाने पुढे असं प्रात्यक्षिक ठेवलं नाही.

डॉक्टरांच्या कारणांची यादी यंत्रात साठत होती आणि मी ती अधूनमधून वाचत असे. औषधांविषयी त्यात फार थोडं होतं. "नवरा शिफ्टला असतो, दुपारची गोळी द्यायला घरात कुणी नाही, म्हणून दोन वेळाच." "औषध बदललं तर ही बाई यायचीच बंद होईल." "एक पेग म्हणतो, चार घेतो, त्या हिशोबाने." एकदा नुसतंच "मला माहीत आहे" असं लिहिलेलं सापडलं. तीन शब्दांत भागवायला नको म्हणून मी कारणाला किमान लांबी ठेवली. दुसऱ्या दिवशी तिथे होतं, "मला माहीत आहे आणि मास्तरला माहीत नाही."

माझ्या परीने मी वाद घालायचो. यंत्र वजन बघून बरोबर सांगतंय, मग तुम्ही का मोडता? ते म्हणत, यंत्राला गोळी ठाऊक आहे. गोळी कुणाच्या घरात जाते ते ठाऊक नाही. मुलीलाही फोनवर ते हेच ऐकवत. तिकडे आलो तर औषधं तीच असतील, पण माणूस एकही ओळखीचा नसेल. हा त्यांचा हुकमाचा मुद्दा होता आणि मलाही तो पटायचा. दीड वर्ष गेलं. यंत्राने त्यांना पुष्कळदा थांबवलं. अर्ध्याहून जास्त वेळा ते "हं" म्हणून औषध बदलत, उरलेल्या वेळी कारण लिहीत, आणि कारण खरं निघे. मुलीचे फोन येत राहिले.

चांगुणाबाई मिठागरावरची. साठ वर्षं तिने मीठ ओढलं होतं. आता नातू ओढायचा आणि ती बांधावर बसून त्याच्या चुका काढायची. वजन सदतीस किलो. हृदयासाठी डॉक्टर तिला गेली आठ वर्षं एक बारीक पांढरी गोळी देत होते. तिला खरी गरज अर्ध्या गोळीची होती, पण म्हातारीचा नियम असा, की डॉक्टरच्या गोळ्या उष्ण पडतात, म्हणून सांगितलं त्याच्या निम्मंच घ्यायचं. अर्धी सांगितली तर पाव घ्यायची. हे डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी ओळखलं आणि तेव्हापासून चिठ्ठीवर एक लिहीत आले. अर्धी तिच्या पोटात बरोबर जात होती. यंत्र दर वेळी थांबे. इतक्या हलक्या बाईला ही मात्रा जास्त, कारण लिहा. डॉक्टर दर वेळी एका बोटाने तेच टिपत, "एक लिहिली की अर्धी घेते." मला हे त्यांच्या सगळ्या कारणांमध्ये सर्वांत सुंदर वाटायचं. क्लासमध्ये मी ते उदाहरण म्हणून सांगतही असे.

माघ संपत आला होता. मिठाचे ढीग रस्त्यावरून दिसायला लागले होते. मी प्रिंटरची रिबन बदलायला दवाखान्यात गेलो होतो, तेवढ्यात चांगुणाबाईला तिच्या नातसुनेने धरून आणलं. ही पोर हमरापूरच्या गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या घरातली, बारावी झालेली. लग्न होऊन चार महिने झाले होते. म्हातारी तीन दिवस जेवत नव्हती, ओकाऱ्या काढत होती. काट्यावर चढली तर पस्तीस. हिराबाई तिला म्हणाल्या, "काय गो आये, काय खाल्लंस?" म्हातारी खुर्चीवर बसली. डॉक्टर पोट तपासायला वाकले तेव्हा ती कुरबुरली, की पोट राहू दे, नातवाला काहीतरी सांग. तो मिठात माती घालतो. या वर्षीचं मीठ सगळं पिवळं.

नातसून ओशाळून म्हणाली, "मीठ पांढरंच हाय डॉक्टर. आजीलाच तसं दिसतंय. भात पण पिवला म्हनतात."

डॉक्टरांचा हात तिथेच थांबला. त्यांनी म्हातारीची नाडी धरली आणि फार वेळ धरून ठेवली. मग पोरीकडे न बघता विचारलं, "गोळी कोण देतं?"

"मी देते," ती म्हणाली. तिने पिशवीतून छापील चिठ्ठी काढली, व्यवस्थित घडी घातलेली. "आजी आधी अर्धी टाकून द्यायच्या. मी आल्यापासून पुरी देते, जेवनानंतर, समोर बसून. चिठ्ठीवर एक लिहिलंय ना. एक पन दिवस चुकले नाय डॉक्टर."

हिराबाईंनी हातातली बाटली खाली ठेवली.

ती गोळी अंगात जास्त झाली की जग पिवळं दिसतं, जेवण जात नाही आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात, हे मला नंतर कळलं. कार्डावर ते होतं आणि माझ्याच हाताने भरलेलं होतं. डॉक्टरांनी रिक्षा मागवली, मग ती नको म्हणून जीप मागवली, आणि म्हातारीबरोबर स्वतः अलिबागच्या इस्पितळात गेले. बाकीचे पेशंट बाकावरच राहिले. हिराबाईंनी त्यांना घरी पाठवलं, दार लावलं आणि मला म्हणाल्या, "मास्तर, त्या पेटीत जे लिवलंय ते काढता येतं का?"

मी म्हटलं, येतं.

"मग काढा. तुमच्या नि माझ्याशिवाय कोन बघताय?"

मी खरंच कॉम्प्युटर सुरू केला. चांगुणाबाईचं पान उघडलं. दर महिन्याला तीच ओळ, एकाखाली एक. पुसायला अर्धं मिनिट लागलं असतं. डॉक्टर पेणमध्ये राहतील की जातील हे त्या अर्ध्या मिनिटावर आहे असं मला तेव्हा वाटत होतं. हिराबाई माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "राहू द्या. त्यास्नी पाठ हाय."

म्हातारी वाचली. गोळी थांबवली, सलाईन लावलं, आठ दिवसांत तिला मीठ पांढरं दिसू लागलं आणि तिने नातवाला माफ केलं. ते आठ दिवस दवाखाना उघडला नाही. नवव्या दिवशी वरशाहून निरोप आला, की मास्तरने यंत्रातली सगळी कारणं छापून घेऊन यावं.

भोकं असलेल्या कागदाची ती लांब घडी घेऊन मी गेलो. डॉक्टर ओटीवर लाल पेन्सिल घेऊन बसले होते. माझं वजन करायचं ते विसरले. मी वाटेत तयार केलेलं भाषण करून टाकलं: तुम्ही लिहिलेलं कारण खरं होतं. आठ वर्षं खरं होतं. यंत्राला म्हातारी माहीत नव्हती, तुम्हाला होती. याला चूक म्हणायचं नाही.

त्यांनी कागदाची घडी मांडीवर उलगडली.

"कारण खरं होतं," ते म्हणाले. "जुनं होतं."

मग हिराबाईंनी आठवडाभर दूधवाले, कंडक्टर, बाजाराला येणाऱ्या बायका यांच्यामार्फत गोळा केलेली माहिती त्यांनी पुढे ठेवली. हे मला ठाऊकच नव्हतं. ते एकेक कारण मोठ्याने वाचत आणि पेन्सिलीने खूण करत. नवरा शिफ्टला असतो: कंपनीतलं त्याचं खातं बंद होऊन वर्ष झालं, तो दिवसभर घरीच असतो. चार पेग घेणारा: त्याने पंढरीची माळ घातली आहे, त्याच्या घरी आता कांदासुद्धा चालत नाही. औषध बदललं तर यायची बंद होणारी बाई मुलाकडे पनवेलला राहायला गेली होती. औषध तिची धाकटी जाऊ तिच्या नावाने नेत होती. काही कारणं अजून खरी होती. पण लाल खुणा डॉक्टरांना वाटल्या होत्या त्याहून पुष्कळ जास्त झाल्या.

मी म्हटलं, मग नवी लिहू. त्यात काय.

"औषधांची यादी तुम्ही दर महिन्याला नवी करता. माणसांची कुणी करायची?"

"तुम्ही."

"ती मी करतोच आहे असं मला वाटत होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी गाडीतून उतरतो, खुर्चीत बसतो, पुन्हा गाडीत बसतो. माझ्या डोक्यातलं पेण दहा वर्षांपूर्वीचं आहे, मास्तर. माणसं मला भेटायला येतात तेव्हा त्या पेणमधली असल्यासारखी बोलतात. मला बरं वाटावं म्हणून असेल."

संध्याकाळी आम्ही रोह्याच्या बाजारात फोनबूथवर गेलो. परदेशी फोनवर मोठ्याने बोलावं लागतं अशी त्यांची खात्री असल्यामुळे बाहेर पानवाल्यालाही सगळं ऐकू येत होतं. चूक झाली म्हणाले. पेशंट बरी आहे. नाही, यंत्राची नाही, माझी. दवाखाना आवरायला एक महिना दे. मग ते बराच वेळ नुसते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अगं, तू जिंकलीस. त्यात रडायचं काय?"

त्या महिन्यात चांगुणाबाई एकदा येऊन गेली. तिच्या कानावर गेलं होतं. ती डॉक्टरांना अरेतुरे करायची, आणि डॉक्टर तिला अहोजाहो करत. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. काट्यावर चढायच्या आधीच तिने सुनावलं, "तू कशाला जातंस? मी तुझा कधी ऐकला नाय, ता तुला ठाव होता. ही पोर ऐकली."

नातसून दारापाशीच उभी होती. इस्पितळातून आल्यापासून ती गोळीला हात लावत नव्हती. घरात कुणी तिला बोललं नव्हतं, पण बोलायची गरजही नव्हती. डॉक्टर उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पेशंटसाठी खुर्चीतून उठताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"तू काही चुकलेली नाहीस," ते म्हणाले. "कागदावर होतं तेच तू दिलंस. कागद माझा होता. उद्यापासून पुन्हा तूच द्यायची."

त्यांनी यंत्रात अर्धी लिहिली. यंत्र थांबलं नाही. चिठ्ठी छापून आली, ती त्यांनी म्हातारीला न देता पोरीच्या हातात दिली. म्हातारीने मान वाकडी करून कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, की एवढीशी गोळी आता पाव कशी करायची? नातसून इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, "करून बघा आजी. मी समोरच बसनार हाय."

जाण्याआधी डॉक्टरांनी माझ्याकडून शेवटचं काम करून घेतलं. कुठलीही चिठ्ठी छापण्यापूर्वी यंत्राने एक प्रश्न विचारायचा: गोळी घरी कोण देतं? आणि मिळालेलं उत्तर तीन महिन्यांनी आपोआप पुसून टाकायचं, म्हणजे पुन्हा विचारावं लागेल. मी म्हटलं, उत्तर तेच असलं तरी? ते म्हणाले, तेच असलं तर पुन्हा तेच लिहितील, हाताला काय होतंय.

दवाखाना एका तरुण डॉक्टरांनी घेतला. माणूस चांगला, मुंबईत शिकलेला, हात हलका. हिराबाईंना त्यांनी ठेवलं, यंत्रही ठेवलं. पहिल्या वर्षी त्यांनी मला बोलावून सांगितलं, की प्रोग्रॅम उत्तम आहे, फक्त तो गोळी कोण देतं हा प्रश्न काढून टाका. एकेका पेशंटमागे त्यात वेळ जातो, आणि वैद्यकीयदृष्ट्या त्याला अर्थ नाही.

मी पडद्याकडे थोडा वेळ गंभीरपणे पाहिलं, दोन-चार कळा दाबल्या आणि सांगितलं की तो निघत नाही. तो आत फार खोल बसलाय, काढायला गेलो तर सगळंच बंद पडेल.

हे साफ खोटं होतं. एका ओळीचं काम होतं. त्यांनी सुस्कारा टाकला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाई तिशीतली होती, ओढणीत गुंडाळलेलं बाळ घेऊन. हिराबाईंनी तिचं वजन केलं आणि विचारलं, "गोली घरात कोन देतो गो?"

"सासू देते," बाई म्हणाली. मग तिने बाळ दुसऱ्या हातावर घेतलं. "नाय. सासू आता नाय. मीच घेते आठवन झाली तर."

तरुण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तिला बसायला सांगितलं.